नर्सऱ्यांमधला नावांचा घोळ निस्तरणारा माणूस आणि खान्देशातल्या आंब्याचा खुंट

पाऊस सुरू झाला की जळगाव-धुळ्याच्या नर्सऱ्यांमध्ये गर्दी होते. आंबा, मोसंबी, बोर, सीताफळ, हवं ते कलम मिळतं. वाण कोणता हे सगळेच विचारतात. जाणता बागायतदार मात्र आणखी एक प्रश्न विचारतो. खुंट कोणता?

कारण कलम म्हणजे दोन झाडांचं मिळून एक झाड. फळ कुठलं लागणार हे वरची काडी ठरवते. पण झाड किती उंच जाणार आणि फळ कधी धरणार, यात खालच्या खुंटाचा मोठा वाटा असतो. त्यात फसगत झाली तर ती कळेपर्यंत काही वर्षं निघून जातात.

शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमधले सफरचंदवाले अशीच फसगत सोसत होते. तो घोळ निस्तरला रोनाल्ड हॅटन यांनी.

हॅटन यांचा जन्म 1886 चा. शिक्षण ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजात. पण हा माणूस पुढं चक्क शेतमजूर म्हणून राबला. त्या अनुभवावर त्यांनी 1913 मध्ये ख्रिस्तोफर होल्डनबी या टोपणनावानं एक पुस्तकही लिहिलं.

त्याच वर्षी केंट परगण्यात ईस्ट मॉलिंगला फळसंशोधन केंद्र सुरू झालं. लगेच पहिलं महायुद्ध पेटलं, केंद्राचे प्रमुख वेलिंग्टन सैन्यात गेले आणि कारभार हॅटन यांच्याकडं आला. 1918 मध्ये ते संचालक झाले आणि 1949 पर्यंत त्याच खुर्चीवर राहिले.

सफरचंदाचे ठेंगणे खुंट युरोपला शेकडो वर्षं माहीत होते. त्यांना पॅराडाईज म्हणायचे. अडचण अशी होती की या एकाच नावाखाली नर्सऱ्या भलतीसलती रोपं विकत होत्या. त्यामुळं एकाच ओळीतलं एक झाड बुटकं राहायचं आणि शेजारचं आभाळाला भिडायचं.

वेलिंग्टन यांनी सुरू केलेलं काम हॅटन यांनी पुढं नेलं. ठिकठिकाणच्या नर्सऱ्यांमधून खुंट जमवले. प्रत्येक प्रकार वेगळा ठेवला. बियांपासून रोपं केली तर प्रत्येक रोप वेगळं निघतं, म्हणून फुटव्यांना मातीची भर देऊन, त्यांना मुळं फोडून रोपं वाढवली. मग त्यांच्यावर कलमं करून वाढ आणि फळं वर्षानुवर्षं मोजली. जुनी नावं बाद केली आणि साधे आकडे दिले. 1917 मध्ये पहिले 9 प्रकार जाहीर झाले.

त्यातला नववा, म्हणजे एम 9, जगभर गाजला. तो मूळचा फ्रान्समधला जुना खुंट. त्यावरचं सफरचंद साधारण 8 ते 10 फुटांवर थांबतं आणि लवकर फळतं. पण त्याची मुळं कमजोर असतात, झाडाला कायमचा आधार द्यावा लागतो. पुढं मर्टनच्या जॉन इन्स संस्थेसोबत लोकरी माव्याला दाद न देणारे खुंट तयार झाले. त्यातले एमएम 106 आणि एमएम 111 आज हिमाचलच्या बागांतही आहेत.

1949 मध्ये हॅटन यांना सर किताब मिळाला. 1965 मध्ये ते गेले.

आता पुन्हा खान्देशात येऊ. 10 बाय 10 मीटरवर एकरी 40 आंबे बसतात, 3 बाय 2 मीटरवर 674. जळगावात अशी अतिघन लागवड करून दाखवली गेली आहे. मात्र तिथं झाड ठेंगणं राहतं ते दरवर्षीच्या छाटणीमुळं. कारण एम 9 सारखा सर्रास वापरला जाणारा खुंट आंब्याला अजून नाही. बहुतेक कलमं मिळेल त्या रायवळ कोयीवर बांधली जातात आणि कोयीगणिक झाड वेगळं निघू शकतं.

म्हणजे आंब्याच्या बाबतीत आपण बऱ्याच अंशी हॅटन यांच्या आधीच्या इंग्लंडमध्येच आहोत. म्हणूनच दाट बाग धरणाऱ्यानं छाटणीच्या मजुरीचा हिशोब आधी करावा आणि कलम घेताना खुंटाचं नाव पावतीवर लिहून मागावं.