चित्रकाराचे तारायंत्र

अमेरिकेतील चार्ल्सटाउन या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी २७ एप्रिल १७९१ रोजी सॅम्युएल मॉर्सचा जन्म झाला. येल येथील महाविद्यालयात असताना त्याने विजेविषयीची काही व्याख्याने ऐकली होती. परंतु त्याचे मन रमे ते चित्रकलेत. पदवी मिळाल्यावर तो इंग्लंडला गेला, तेथे चित्रकलेचा अभ्यास करून १८१५ मध्ये मायदेशी परतला आणि व्यक्तिचित्रे काढून चरितार्थ चालवू लागला. मिळकत बेताची होती. कामाच्या शोधात त्याला गावोगाव हिंडावे लागे.

१८२५ च्या आरंभी त्याला एक मानाचे काम मिळाले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला फ्रेंच सेनानी लाफायेत याचे चित्र काढण्यासाठी तो वॉशिंग्टनला गेला. त्याची पत्नी ल्युक्रेशिया न्यू हेवन येथे होती. ७ फेब्रुवारी रोजी ती अकस्मात मरण पावली. त्या काळी निरोप घोड्यांच्या गाडीने जात असे. बातमी वाटेत असताना मॉर्स इकडे आपल्या पत्नीला पत्र लिहीत होता! वडिलांचे पत्र हाती पडताच तो निघाला; पण घरी पोहोचला तेव्हा तिचा दफनविधीही उरकला होता. तीन लहान मुले तेवढी मागे राहिली होती.

या दुःखातूनच तारायंत्र जन्मले, असे म्हणणे योग्य होणार नाही. त्यानंतरही सात वर्षे मॉर्स चित्रेच काढीत राहिला. पण निरोपाला लागणाऱ्या विलंबाचे मोल किती असते, हे त्याच्याइतके फार थोड्यांनी जाणले असेल.

१८३२ मध्ये तो युरोपातून ‘सली’ नावाच्या जहाजाने परत येत होता. प्रवासात विजेच्या प्रयोगांची चर्चा निघाली. तार कितीही लांब असली, तरी वीज तिच्यातून क्षणार्धात जाते, हे ऐकून मॉर्सच्या मनात विचार आला, की मग विजेकडून निरोप का पाठवू नये? जहाजावरच त्याने आपल्या वहीत यंत्राची रेखाटने काढण्यास प्रारंभ केला.

विजेने निरोप पाठविण्याचे प्रयत्न इतरांनीही केले होते. पण त्यांपैकी अनेकांच्या यंत्रांना पुष्कळ तारा लागत. मॉर्सने विजेकडून फार थोडे मागितले. तारेत प्रवाह आहे की नाही, एवढेच तिने सांगावे. उरलेले काम प्रवाह किती वेळ चालू राहिला, यावरून व्हावे.

न्यूयॉर्कच्या विद्यापीठात चित्रकला शिकवीत असताना त्याने आपले पहिले यंत्र तयार केले. चित्राचे कापड ताणून बसवावयाची लाकडी चौकट त्याने मेजाच्या कडेला ठोकली. तिच्यात लोंबता दांडा अडकवून त्याच्या टोकाला पेन्सिल लावली. खाली घड्याळाच्या चक्रांनी कागदाची पट्टी सरके. प्रवाह नसला, की पेन्सिल सरळ रेघ ओढी. प्रवाह येताच विद्युच्चुंबक दांड्याला खेची आणि रेघेला वळण पडे. विजेच्या संकेताचा आलेखच तो! चित्रकाराच्या चौकटीनेच ही रेघ कागदावर उमटविली.

मात्र आरंभी हा संकेत दूरवर पोहोचत नसे. तेव्हा लेनर्ड गेल या प्राध्यापकाने जोसेफ हेन्रीच्या संशोधनाच्या आधारे यंत्रात सुधारणा सुचविल्या, आणि संकेत दहा मैल लांबीच्या तारेतून जाऊ लागला. आल्फ्रेड वेल या कुशल तरुणाने यंत्राला सुबक रूप दिले. पुढे अक्षरांसाठी टिंब आणि रेघ यांची लिपी सिद्ध झाली. इंग्रजीत वारंवार येणाऱ्या अक्षरांना आखूड खुणा दिल्या, क्वचित येणाऱ्यांना लांब. ‘ई’ या अक्षराला केवळ एक टिंब पुरे झाले.

दरम्यान १८३७ मध्ये अमेरिकेच्या संसदभवनासाठी मोठे चित्र काढण्याची मॉर्सची आशा मावळली. त्याने कुंचला खाली ठेवला. यंत्रासाठी सरकारी साहाय्य मिळविण्यात पुढची कित्येक वर्षे गेली आणि हाताशी पैसा उरला नाही. अखेर १८४३ मध्ये ८९ विरुद्ध ८३ अशा थोड्या मतांनी प्रतिनिधिगृहाने तीस हजार डॉलर मंजूर केले. वॉशिंग्टन ते बाल्टिमोर अशी सुमारे चाळीस मैलांची तार टाकण्याचे काम सुरू झाले. जमिनीखाली पुरलेली तार निकामी ठरली; तेव्हा खांब उभारून तार वरून नेण्यात आली. २४ मे १८४४ रोजी मॉर्सने संसदभवनातून बायबलातील एक वचन पाठविले. बाल्टिमोरला बसलेल्या वेलने तेच वचन परत धाडले.

पुढे मॉर्सला कीर्ती आणि संपत्ती लाभली. साहाय्यकांना त्याने पुरेसे श्रेय दिले नाही, असा आक्षेपही घेतला जातो, आणि तो निराधार नाही. २ एप्रिल १८७२ रोजी न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले.

आपल्या देशातील तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यात बंद झाली. मात्र मॉर्सची कल्पना मावळली नाही. संगणक सारे काही एक आणि शून्य या दोन अंकांत लिहितो. ते अंक रेडिओलहरींवर चढविण्याच्या क्रियेला मॉड्युलेशन म्हणतात. अभियांत्रिकीचे विद्यार्थी खरे यंत्र जोडण्यापूर्वी संगणकावरच तशी लहर तयार करतात व तिचा आलेख काढतात. सर्वांत सोप्या रीतीत एक या अंकाला लहर उमटते, शून्याला रेघ सपाट राहते. दुसऱ्या रीतीत लहरींची दाटी कमीअधिक होते. मग विद्यार्थी त्या लहरीत मुद्दाम गोंगाट मिसळतात. रेघ वेडीवाकडी, काटेरी होते. तरीही लहर आहे की नाही, एवढे बहुधा ओळखता येते. दोनच खुणांचे सामर्थ्य हे असे आहे. संदेश पुसट झाला, तरी गोंगाट फार वाढेपर्यंत तो हरवत नाही.

संगणकाच्या पडद्यावर सरकणारी ती रेघ पाहिली, की एका चित्रकाराची लाकडी चौकट आठवावी. मोठे काम करण्यासाठी नेहमीच मोठी साधने लागतात असे नाही. हाताशी असलेल्या वस्तूकडे नव्या दृष्टीने पाहावे लागते, आणि एकदा हाती घेतलेली रेघ शेवटपर्यंत ओढावी लागते.