ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकर

प्लूटोचा शोध एका मराठी माणसाने लावला, असे आपल्याकडे पुष्कळदा अभिमानाने सांगितले जाते. ज्यांच्याविषयी हे सांगतात, ते व्यंकटेश बापूजी केतकर आपल्याच कर्नाटकातले. त्यांचे खरे चरित्र या अतिशयोक्तीहून अधिक वाचनीय आहे.

१८ जानेवारी १८५४ रोजी नरगुंद येथे त्यांचा जन्म झाला. नरगुंद तेव्हा भावे घराण्याचे, कानडी मुलखातले मराठी संस्थान होते. व्यंकटेश चार वर्षांचे असताना, १८५८ साली, तेथील संस्थानिकांनी इंग्रजांविरुद्ध बंड केले. त्यांना बेळगावात फाशी झाली आणि संस्थान बुडाले. वडील बापूशास्त्री ज्योतिषी होते, त्यामुळे गणिताची विद्या मात्र घरातच होती. १८७४ पासून केतकर मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात शिक्षक झाले. बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे ते हेडमास्तर होते. वेधशाळा नाही, विद्यापीठातील जागा नाही. शाळा सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी ग्रहगणित केले.

त्यांचे मोठे कार्य पंचांगाचे. जुन्या कोष्टकांवरून मांडलेली ग्रहस्थिती प्रत्यक्ष आकाशाशी जुळेनाशी झाली होती. केतकरांनी पाश्चात्त्य वेधांतून निघालेले अचूक अंक घेतले आणि ते 'ज्योतिर्गणित', 'केतकी', 'वैजयंती' या ग्रंथांतून संस्कृतात बसवले. इंग्रजी न येणाऱ्या जोशीबुवांनाही त्यामुळे शुद्ध गणित करता येऊ लागले. हे काम प्लूटोपेक्षा मोठे होते, असे मला वाटते.

१९११ साली फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत त्यांचा निबंध छापून आला. गुरूचे तीन चंद्र, आयो, युरोपा आणि गॅनिमीड, एका विलक्षण बंधनात फिरतात. गॅनिमीडची एक फेरी होते तोवर युरोपाच्या दोन व आयोच्या चार होतात. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने या मेळाची उपपत्ती दिली होती. असाच मेळ युरेनस, नेपच्यून व त्यांच्या पलीकडील अज्ञात ग्रहांत असावा, असे केतकरांनी धरले आणि दोन ग्रह वर्तवले. त्यांना नावे दिली ब्रह्मा व विष्णू. पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर, त्याच्या ३८.९५ पट अंतर आणि २४२.२८ वर्षांचा प्रदक्षिणाकाळ, हे ब्रह्म्याचे आकडे.

१८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेत लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ यांना छायाचित्रे ताडून पाहताना प्लूटो सापडला. त्याचे अंतर सुमारे ३९.५ पट, प्रदक्षिणा २४८ वर्षांची! ३ ऑगस्ट १९३० रोजी केतकर निवर्तले.

मग शोध त्यांचाच म्हणावा काय? तसे म्हणता येत नाही. त्यांनी फक्त अंतर आणि काळ सांगितला होता. ग्रह आकाशात कोठे दिसेल हे नव्हे. दुर्बीण कोणत्या दिशेला वळवायची हे त्यातून कळत नव्हते. विष्णू तर कधी सापडलाच नाही. शिवाय युरेनस व नेपच्यून गुरूच्या चंद्रांसारखे जखडलेले नाहीत, म्हणजे मूळ गृहीतच चुकीचे होते. आकडा जवळ आला, युक्तिवाद टिकला नाही. लॉवेल यांचेही तेच झाले. नेपच्यूनपलीकडील एखादा मोठा ग्रह युरेनसला ओढतो, असे त्यांचे गणित होते. व्हॉयेजर-२ हे मानवरहित यान १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून गेले. त्यावरून नेपच्यूनचे वस्तुमान सुमारे अर्ध्या टक्क्याने दुरुस्त झाले, आणि १९९३ साली युरेनसच्या गतीतील तफावतच नाहीशी झाली. २००६ मध्ये प्लूटोची गणना बटुग्रहांत झाली.

गुरूच्या चंद्रांचा मेळ मात्र पक्का ठरला. आयोला त्या मेळामुळे पूर्ण वर्तुळाकार कक्षा लाभत नाही. गुरूच्या कमीअधिक ओढीने त्याचे पोट सतत मळले जाते आणि तापते. १९७९ साली व्हॉयेजर-१ ने तेथे जिवंत ज्वालामुखी पाहिले. १९ जानेवारी २००६ रोजी सुटलेले न्यू होरायझन्स यान प्लूटोकडे जाताना फेब्रुवारी २००७ मध्ये गुरूजवळून गेले व आयोवरील त्वष्टर ज्वालामुखीचा उंच फवारा त्याने टिपला. १४ जुलै २०१५ रोजी ते प्लूटोपासून सुमारे साडेबारा हजार किलोमीटरवरून पुढे गेले. यानात टॉमबॉ यांच्या अस्थींचा अंश ठेवलेला होता.