दारावर झोपून घरी गेलेला सर्जन

जानेवारी 1756. लंडनमध्ये हाडं गोठवणारी थंडी. साउथवर्कमधल्या केंट स्ट्रीटवर एक माणूस घोड्यावरून धाडकन पडला. पाय मोडला, आणि नुसता मोडला नाही, हाडाचं टोक कातडी फाडून बाहेर आलं. आजूबाजूचे लोक उचलायला धावले, पण त्याने कोणालाही हात लावू दिला नाही. भर रस्त्यात, त्या गारठ्यात पडून त्याने आधी दोन भोयांना निरोप धाडला. श्रीमंतांना खुर्चीत बसवून वाहून नेणारे भोई तेव्हा लंडनमध्ये असत. खुर्चीचे दांडे तेवढे घेऊन या, असं त्यांना सांगितलं. ते येईपर्यंत त्याने पडल्या पडल्या एक दार विकत घेतलं. हो, घराचं असतं तसं दार. दांडे दाराला ठोकून घेतले, स्वतःला त्यावर ठेवायला लावलं आणि लंडन ब्रिज ओलांडून स्वारी वॉटलिंग स्ट्रीटवरच्या घरी पोहोचली. गाडीत घातलं असतं तर प्रत्येक धक्क्याला ते हाड आणखी मांस फाडत गेलं असतं, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. कारण तो स्वतः सर्जन होता. नाव पर्सिव्हल पॉट.

घरी सहकारी सर्जन जमले. सगळ्यांचं एकमत झालं, पाय कापायचा. पॉटनेही होकार दिला. भूल नाही, जंतू हा शब्दही नाही, अशा त्या काळात उघड्या फ्रॅक्चरमध्ये पाय वाचवायला जाऊन जीव गमावलेले त्याने कमी पाहिले नव्हते. हत्यारं मांडून झाली. एवढ्यात त्याचे गुरू एडवर्ड नॉर्स येऊन पोहोचले. त्यांनी पाय तपासला आणि तो वाचवून बघू या, असं सुचवलं. पाय वाचला! ही सगळी हकिगत पॉटचा जावई जेम्स अर्ल याने सासऱ्याच्या चरित्रात लिहून ठेवली आहे. तोही सर्जनच.

अंथरुणात अडकलेल्या पॉटने तो वेळ हर्नियावरचा ग्रंथ लिहिण्यात घालवला. तोवर त्याने फारसं काही छापलेलं नव्हतं. तिथून मात्र लेखणी थांबली नाही.

पॉटचा जन्म 1714चा, थ्रेडनीडल स्ट्रीटवरचा. आज तिथे बँक ऑफ इंग्लंड उभी आहे. वडील लहानपणीच गेले. 1729 मध्ये, म्हणजे आपल्याकडे मुलं दहावीला असतात त्या वयात, तो नॉर्सकडे उमेदवारीला लागला. सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटल, लंडनकरांचं बार्ट्स, हेच मग त्याचं घर झालं. 1749 मध्ये तो तिथे पूर्ण वेळचा सर्जन झाला. त्याच्या हाताखाली शिकून गेलेल्यांत जॉन हंटरसारखं मोठं नावही आहे. 1775 मध्ये त्याने धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या कॅन्सरचा संबंध थेट काजळीशी जोडला. कामामुळे कॅन्सर होतो हे पहिल्यांदा मांडणारा म्हणून त्याचं नाव आजही पुस्तकात असतं. पण मेडिकलच्या कुठल्याही मित्राला विचारा, त्याला पॉट आठवतो तो मणक्यामुळे.

1779 मध्ये पॉटने एक छोटंसं पुस्तक काढलं. विषय होता पाठीला बाक येऊन पायांतली ताकद जाणारा आजार. तेव्हा समजूत अशी की मूल पडलं असेल, मोठ्या माणसाने जड ओझं उचललं असेल, म्हणून मणका सरकला. मग उपाय काय? सरकलेला मणका जागेवर बसवा. पोलादी पट्ट्यांच्या चोळ्या, ताणणाऱ्या आणि दाबणाऱ्या खुर्च्या, सगळी यंत्रं त्या कोवळ्या पाठींवर चालत.

पॉटने काय केलं, तर रुग्णांकडे नीट पाहिलं. आपलीच पावलं एकमेकांत अडकून मूल चालता चालता पडतं, हे त्याने टिपलं. नेहमीच्या लकव्यात पाय लुळे पडतात, इथे ते ताठरतात, हेही टिपलं. मेलेल्यांचे मणके उघडून पाहिले. तिथे हाड सरकलेलं नव्हतं, ते सडलेलं होतं. बाक नंतर येतो, रोग आधी. मग पट्ट्या आवळून उपयोग काय? उलट किडलेल्या हाडावर जोर देऊन आपण त्या पोराचे हाल वाढवतोय, असं त्याने ठामपणे मांडलं. माझ्या मते पॉटचं सगळ्यात मोठं काम हेच. शंभर जण एखादी गोष्ट दाबून सरळ करायला निघालेले असताना, हात काढा असं सांगणं सोपं नसतं.

पण त्याचा स्वतःचा उपाय? तो वाचून आज अंगावर काटा येतो. बाकाच्या दोन्ही बाजूंना दाहक औषधाने कातडी जाळून छोट्या जखमा करायच्या आणि त्या महिनोन्महिने वाहत्या ठेवायच्या. ही कल्पनाही त्याची नव्हती. पाठीत गळू होऊन ते फुटलं आणि पायांत ताकद परत आली, असा उल्लेख प्राचीन ग्रीक ग्रंथांत होता. तो वाचून वूस्टरच्या एका डॉक्टरने प्रयोग केला आणि त्याच्याकडून ती गोष्ट पॉटपर्यंत आली. पॉटचे काही रुग्ण खरोखर उठून चालले. जखमांमुळे? बहुधा नाही. त्या जखमा हाडातल्या पुवापर्यंत पोहोचतच नव्हत्या. पट्ट्या सुटल्या आणि पाठीला विश्रांती मिळाली, त्याचा गुण जास्त असावा. गंमत म्हणजे त्याच 1779 साली फ्रान्समध्ये रूआँचा झां-पिएर डाविड याने हाच आजार वर्णन करून विश्रांतीवरच भर दिला होता. पण नाव पॉटचं लागलं.

रोगाचं खरं कारण पॉटला कळणं शक्यच नव्हतं. टीबीचा जंतू रॉबर्ट कॉखने जगापुढे मांडला तो 1882 मध्ये. हा जंतू बहुतेक वेळा रक्तातून मणक्याच्या पुढच्या भागात जाऊन बसतो आणि शेजारशेजारचे दोन मणके पोखरतो. पुढची बाजू खचली की पाठीवर कुबड येतं. पू कमरेच्या स्नायूवरून घसरत कधी कधी थेट जांघेत येऊन फुगतो. हात लावला तर गरम लागत नाही, म्हणून त्याला थंड गळू म्हणतात. हा आजार इतिहासजमा झालाय असं वाटत असेल तर तसं नाही. आपल्याकडच्या हॉस्पिटलांत केसपेपरवर आजही 'पॉट्स स्पाइन' असंच लिहितात, आणि त्यात कॉलेजच्या वयाची मुलं-मुली असतात. आठवडेच्या आठवडे न थांबणारी पाठदुखी, रात्रीचा घाम, उतरत चाललेलं वजन. आपण मात्र बॅगेचं ओझं, नाहीतर होस्टेलची गादी, असं म्हणून मलम चोळत बसतो. जड उचललं असेल, ही 1779ची समजूत अजून गेलेली नाही.

उपचार मात्र पार बदलले. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागतच नाही, औषधं पुरतात. ती महिनोन्महिने, अनेकदा वर्षभर घ्यावी लागतात, मध्येच सोडून चालत नाही. सीटी स्कॅनमध्ये बघत बघत सुई नेमकी पोखरलेल्या हाडात घालून नमुना काढतात, म्हणजे जंतू कुठला आणि तो कोणत्या औषधाला दाद देईल, ते कळतं. गळू मोठं असेल तर कातडीतून एक बारीक नळी आत सरकवून पू बाहेर काढतात. काही ठिकाणी दुर्बिणीतून आतला भाग धुतात. मणका डळमळीत झाला असेल तर छोट्या छोट्या छेदांतून स्क्रू आणि सळ्या बसवतात. पाठीचे स्नायू फारसे सोलावे लागत नाहीत आणि रुग्ण लवकर उठून बसतो. अर्थात सगळ्यांना हे जमत नाही. मज्जारज्जूवर मोठा दाब असेल किंवा कुबड फार वाढलं असेल, तर मोठं ऑपरेशन टळत नाही. किती उघडायचं हा निर्णय अजूनही अवघडच आहे.

पाठीच्या बाजूला छोटं भोक पाडून आतली घाण बाहेर येऊ द्यावी, हे पॉटलाही वाटलं होतं. त्याच्याकडे आतलं दाखवणारं यंत्र नव्हतं आणि जंतू मारणारं औषध नव्हतं. 1782 मध्ये त्याने याच आजारावर पुन्हा लिहिलं, आणखी केसेस मांडल्या. 1787 मध्ये बार्ट्समधून निवृत्त झाला, तरी रुग्ण पाहणं सुटलं नाही. पुढच्याच वर्षी डिसेंबरच्या कडाक्यात तो लंडनपासून वीस मैलांवरच्या एका पेशंटला बघायला गेला. थंडी बाधली. दुखणं अंगावर काढत आणखी पेशंट पाहिले, मग न्यूमोनियाने गाठलं. 22 डिसेंबर 1788 रोजी तो गेला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कायदा झाला होता, आठ वर्षांखालच्या पोरांना धुराडी साफ करायला ठेवायचं नाही म्हणून. तो कोणी फारसा पाळला नाही.