कै. न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग

सप्टेंबरची १ तारीख दरसाल येते आणि जाते. परंतु १८९३ साली त्या दिवशी मुंबईत कोण निवर्तले, याची आठवण आता कायदेपंडितांच्या व संस्कृतज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारशी कोणी काढीत नाही. कै. काशिनाथ त्रिंबक तेलंग यांस त्या वेळी त्रेचाळीस वर्षे पुरी होऊन अवघे दोन दिवस झाले होते. एवढ्या थोड्या आयुष्यात वकील, न्यायाधीश, पंडित, राष्ट्रीय सभेच्या आद्य पुरस्कर्त्यांपैकी एक आणि मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू, अशा नाना नात्यांनी ज्यांनी कीर्ती संपादन केली, त्यांच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. नुसती स्तुती करावयाची असती तर हा खटाटोप आम्ही केला नसता. तेलंगांच्या चरित्रात एक अवघड गाठ आहे, आणि तसलीच गाठ जांभूळ, बदलापूर, अंबरनाथ या बाजूच्या घरोघरी आजही बसलेली आम्ही वकिलीच्या धंद्यात पाहत असतो, म्हणून हा लेख.

तेलंगांचा जन्म ३० ऑगस्ट १८५० रोजी मुंबईस एका गौड सारस्वत कुटुंबात झाला. चुलते त्रिंबकराव यांस पुत्रसंतान नसल्यामुळे काशिनाथपंतांस त्यांच्या मांडीवर दत्तक देण्यात आले. म्हणजे जन्मदाते वडील एक, आणि ज्यांचे नाव लावावयाचे ते दुसरे. दोन वडिलांच्या मायेत वाढलेल्या मुलाच्या मनावर उपकाराचे ओझे दुहेरी असते, असा आमचा अनुभव आहे. तेलंग स्वभावाने मृदू होते व घरात वडीलधाऱ्यांस दुखविणे त्यांच्या जिवावर येई. त्या मार्दवाचे मूळ थोडेबहुत येथेच असावे असा आमचा तर्क आहे. तो वाचकांनी तर्क म्हणूनच घ्यावा.

एल्फिन्स्टन विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. संस्कृतची भगवानदास शिष्यवृत्ती त्यांनी पटकाविली, आणि एम. ए. व एल्‌एल. बी. या पदव्या घेऊन १८७२ साली ते मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत अॅडव्होकेट झाले. त्या शाखेत विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरांचाच दबदबा असे. विलायतेस न जाता परीक्षेच्या जोरावर तेथे उभे राहण्याचा पायंडा बाळ मंगेश वागळे यांनी पाडला होता. तेलंग त्याच वाटेने गेले. मिताक्षरा व मयूख हे ग्रंथ गोऱ्या वकिलांस भाषांतरातून चाचपावे लागत. तेलंग ते मूळातून वाचून कोर्टापुढे ठेवीत. साहजिकच पक्षकारांची रीघ लागली, आणि मधल्या काळात सरकारी नोकरी चालून आली असता ती त्यांनी नाकारली.

त्यांच्या विद्वत्तेचा हिशेब येथे सविस्तर देण्यास जागा नाही. वाल्मीकीने रामकथा होमरपासून उसनी घेतली, या वेबर नामक जर्मन पंडिताच्या मताचा त्यांनी तेविसाव्या वर्षीच समाचार घेतला. १८८२ साली मॅक्स म्युल्लर यांच्या ग्रंथमालेत त्यांचे भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर निघाले. व्यापारी वाचकांस विशेष वाटावे असे की, खुला व्यापार हा इंग्रजी राज्यात वेदवाक्याप्रमाणे मानला जात असता, या देशातील उद्योगधंद्यांस संरक्षण हवे असे त्यांनी १८७७ सालीच निबंध लिहून प्रतिपादिले. इल्बर्ट बिलाच्या १८८३ च्या चळवळीत मेहता, तय्यबजी व तेलंग हे त्रिकूट गाजले. १८८५ साली त्यांनी मुंबई प्रांतिक असोसिएशन काढली, आणि त्याच वर्षाअखेर गोकुळदास तेजपाल पाठशाळेत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले त्यातही तेलंगांचे अंग होते.

आता मुख्य विषयाकडे वळतो. दादाजी भिकाजी याने १८८४ साली आपली पत्नी रखमाबाई हिने नांदावयास यावे म्हणून दावा लावला. लग्नाच्या वेळी तिचे वय अकरा वर्षांचे होते. ती माहेरीच राहून शिकली आणि समज आल्यावर, ज्या लग्नास आपण संमती दिली नाही ते आपणांवर बंधनकारक नाही, असे तिचे म्हणणे पडले. तिच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांत तेलंग होते. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली दावा काढून टाकला. अपिलात १८८६ साली तो निकाल फिरला. १८८७ साली नांदावयास जा अथवा तुरुंगात जा असा हुकूम झाला, तेव्हा त्या बाईने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुढच्या वर्षी पैसे देऊन प्रकरण मिटले, रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या व त्यांनी सुरतेस अनेक वर्षे रुग्णसेवा केली. अजाण वयात लावलेल्या लग्नाने एका माणसाचे आयुष्य कसे जखडले जाते, हे तेलंगांनी असे कागदोपत्री नव्हे, तर पक्षकाराच्या तोंडून ऐकले होते.

१८८९ साली ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. त्यांच्या निकालांपैकी एकाच निकालाचा उल्लेख करतो, कारण जांभूळकडील शेतजमिनीचा सात-बारा हाती धरून कोर्टाची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाचा त्याच्याशी संबंध आहे. आपाजी नरहर विरुद्ध रामचंद्र रावजी या मुकदम्यात प्रश्न असा होता की, बाप स्वतः आपल्या वडिलांशी अगर भावांशी एकत्र असता, बापाच्या संमतीवाचून मुलास वाटणी मागता येईल काय? इतर न्यायमूर्तींनी येत नाही म्हणून सांगितले. तेलंगांनी मूळ वचने उलगडून भिन्न मत नोंदविले: वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतः आहे, तर तो बापाच्या मर्जीवर का टांगून ठेवावा? मुंबई इलाख्यात बहुमताचाच नियम चालला. मद्रास व अलाहाबाद येथील हायकोर्टांनी मात्र मुलाचाच पक्ष घेतला. वडीलधाऱ्यांचा मान कितीही मोठा असला तरी धाकट्याचा हक्क त्याच्या खाली दडपता येत नाही, हे शास्त्राधाराने सांगणारा न्यायाधीश तो हाच.

आणि याच न्यायाधीशाने १८९३ साली, मृत्यूच्या थोडेच आधी, आपल्या अवघ्या आठ वर्षांच्या मुलीचे लग्न लावून दिले.

सुधारकांत एकच हलकल्लोळ उडाला, आणि सनातनी मंडळींस आयतेच हत्यार सापडले. दोनच वर्षांपूर्वी संमतिवयाचे बिल पास होऊन मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर गेले होते, व तेलंग त्या बिलाच्या बाजूचे म्हणून सर्वांस ठाऊक होते. घरच्या माणसांच्या आग्रहापुढे त्यांचे चालले नाही, असे त्यांच्या बाजूने सांगण्यात येई. ते खरेही असेल. परंतु तेलंगांजवळ या नमण्याचे एक तत्त्वज्ञान आधीपासून तयार होते, हे विसरता येत नाही. १८८६ सालच्या व्याख्यानात, जेथे विरोध कमी तेथून सुधारणा पुढे न्यावी असा विचार त्यांनी मांडला होता, आणि सामाजिक बाबतीतील तडजोडीवर मराठीत निबंधही लिहिला होता. राजकारणात हा विचार शहाणपणाचा ठरतो. घरात मात्र त्याचा अर्थ फार निराळा होतो. घरात सर्वांत कमी विरोध करणारे माणूस कोण? ज्यास अजून बोलताच येत नाही ते. आजी, आई, चुलते यांचा विरोध मोठा. आठ वर्षांच्या मुलीचा विरोध मुळीच नाही. तेव्हा कमी विरोधाची वाट काढू गेल्यास ती नेमकी त्या मुलीच्या अंगावरून जाते.

एकट्या तेलंगांसच दोष देणे अन्यायाचे होईल. पुनर्विवाहाचे कैवारी रानडे यांनी १८७३ साली प्रथम पत्नी वारल्यावर वडिलांच्या हट्टाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले, आणि पंचहौद मिशनमधील चहाबद्दल १८९२ साली प्रायश्चित्तही घेतले. परंतु कुटुंबप्रेमाने माणूस नमतोच, असेही नाही. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे तेलंगांच्याच ज्ञातीचे, तसेच संस्कृतज्ञ, व कुटुंबवत्सलतेत तिळमात्र कमी नव्हते. त्यांची मुलगी विधवा झाली, तेव्हा १८९१ साली त्यांनी तिचा पुनर्विवाह करून दिला व ज्ञातीचा रोष सोसला. दोघांचेही मुलींवर प्रेम होते याविषयी आम्हांस शंका नाही. भांडारकरांनी मुलीच्या तोंडाकडे पाहिले. तेलंगांनी तिच्याभोवती उभ्या असलेल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडाकडे पाहिले.

एवढे लिहूनही तेलंगांविषयीचा आमचा आदर उणा होत नाही. रखमाबाईच्या बाजूने उभा राहणारा वकील आणि वाटणीच्या मुकदम्यात एकट्याने भिन्न मत देणारा न्यायाधीश भेकड नव्हता. तो कोर्टात धीट व माजघरात मऊ होता, आणि असे पुरुष आमच्या ओळखीत आजही पुष्कळ आहेत. त्यांच्या मृत्यूने रिकामी झालेली हायकोर्टातील जागा रानड्यांस मिळाली.

२००६ च्या कायद्यान्वये अठरा वर्षांच्या आतील मुलीचे लग्न लावणे गुन्हा आहे, आणि २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हिस्सा आहे. तरी जांभूळ-बदलापूरकडील जमिनींस भाव चढल्यापासून हक्कसोडपत्राचा मसुदा मागावयास येणारे घरधनी वाढले आहेत. बहिणींची काही तक्रार नाही, सर्व काही प्रेमाने चालले आहे, असे ते सांगतात, आणि ते खोटे बोलतात असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच विचारतो की, सोडावयाचा हिस्सा किती गुंठ्यांचा व आजच्या भावाने किती रुपयांचा, हे सही घेण्यापूर्वी बहिणीस सांगितले आहे काय? मग गृहस्थ कागद गुंडाळतात व पुढच्या आठवड्यात येतो म्हणतात. काही येतात, काही दुसऱ्या वकिलाकडे जातात.