डॉ. कोटणीसांचा वर्ग

माझे आजोळ सोलापूरचे. त्यामुळे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव मी लहानपणापासून ऐकतो आहे. इथे वर्गात मात्र मी आणि आणखी एक मुलगा सोडला तर ते कोणालाच माहीत नव्हते, म्हणून लिहितो.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनने भारताकडे वैद्यकीय मदत मागितली. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी अशा पाच डॉक्टरांचे पथक निघाले. वडील वारल्याची बातमी कोटणीसांना चीनमध्येच कळली, तरी ते परतले नाहीत.

१९४० मधल्या एका लढाईत त्यांनी ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या. हा प्रसंग सगळे सांगतात. मला त्यापुढचे काम जास्त अवघड वाटते.

कॅनडाचे डॉ. बेथ्यून तिथे आधीपासून काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, रक्तात विष भिनले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. आघाडीवर एक डॉक्टर गेला की त्याच्या जागी दुसरा येणे जवळजवळ अशक्य होते, कारण सगळीकडे शत्रूची नाकेबंदी. म्हणजे माणसे तिथेच तयार करायला हवीत. बेथ्यून यांच्या नावाने सुरू असलेल्या वैद्यकीय शाळेत कोटणीस शिकवू लागले. पण शिकवायचे कोणत्या भाषेत? हातात पदवी असलेला हा डॉक्टर पुन्हा विद्यार्थी झाला आणि चिनी बोलायला, वाचायला, लिहायला शिकला. (आम्हाला इथे तिसरी भाषा जड जाते, आणि आमच्यावर बॉम्ब पडत नाहीत!) मग त्याच भाषेत तो व्याख्याने देऊ लागला.

जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी त्यांनी तिथल्याच परिचारिका-शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले. रुग्ण आणि वर्ग सांभाळून ते विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तकही लिहीत होते.

अपस्माराचे झटके येत असतानाही त्यांनी काम सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, ३२ व्या वर्षी ते गेले. मुलगा तेव्हा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता. पुस्तक अर्धेच राहिले. शीच्याच्वांग शहरात बेथ्यून आणि कोटणीस यांच्या समाध्या एकाच स्मशानभूमीत आहेत.