मूत्रपिंड राखणारा सर्जन

मूत्रपिंडात गाठ झाली की सबंध मूत्रपिंडच काढून टाकायचे, हा हिशेब सोपा असतो. पण त्याची किंमत रोग्याला जन्मभर मोजावी लागू शकते. गाठ काढून मूत्रपिंड राखता येईल, हे ज्यांनी करून दाखवले त्या व्हिन्सेन्झ चेर्नी यांची शस्त्रवैद्यांच्या जगाबाहेर फारशी आठवण उरलेली नाही.

बोहेमियातल्या ट्राउटेनाऊ गावी १८४२ साली एका औषधविक्रेत्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. व्हिएन्नात बिलरोट या थोर सर्जनच्या हाताखाली ते तयार झाले आणि १८७७ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठात गुस्टाफ सिमोन यांच्या जागी आले. याच सिमोननी १८६९ मध्ये एका स्त्रीचे एक मूत्रपिंड काढले होते व ती बरी झाली होती. एका मूत्रपिंडावर माणूस जगतो हे सिद्ध झाले आणि अख्खे मूत्रपिंड काढण्याची वाट मोकळी झाली.

चेर्नींनी १८८७ मध्ये वेगळी वाट धरली. त्यांनी गाठीपुरता भाग काढला, बाकीचे मूत्रपिंड राखले. हे मोठेच धाडस होते. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. तिथे सुरी लागली की रक्त आवरणे कठीण. पुढे कित्येक दशके बहुतेक सर्जन अख्खे मूत्रपिंडच काढत राहिले, त्याचे हे एक कारण.

१९०६ मध्ये चेर्नींनी हायडेलबर्गला कर्करोग संशोधनाची संस्था उभारली. उतारवयात किरणोपचार आणि विजेच्या उष्णतेने गाठी जाळण्याचे उपाय त्यांनी हाती घेतले. १९१६ मध्ये रक्ताच्या कर्करोगानेच ते गेले.

मूत्रपिंड राखणे आणि विजेने ऊतक गोठवणे, ही दोन्ही सूत्रे त्यांच्या हाती होती. त्यांची गाठ मात्र फार उशिरा बांधली गेली. आता रेडिओलहरींच्या वारंवारतेचा विद्युतप्रवाह देऊन गाठीभोवतीचे ऊतक तापवतात. त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या गोठून बंद होतात आणि मुख्य रोहिणी न आवळताही गाठ कापून घेता येते. अर्थात उष्णतेने थोडे निरोगी ऊतकही जाते, म्हणून हात आवरता घ्यावा लागतो.

चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत, शक्य असेल तिथे, मूत्रपिंड राखण्यालाच आज पसंती असते. मधुमेह, रक्तदाब घेऊन जगणाऱ्या माणसाचे दुसरे मूत्रपिंड शेवटपर्यंत साथ देईलच, याची हमी कोण देणार?