सेनापती बापट आणि मुळशीचे पाणी

आमच्या मुळशीच्या धरणाचे पाणी पाहिले, की मला सेनापती बापट आठवतात. पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1880 रोजी पारनेरला झाला. शिष्यवृत्तीवर ते विलायतेला गेले आणि बाँबची विद्या शिकून परतले. पुढे काही काळ ते भूमिगत राहिले. नंतर याच हातांनी झाडू घेऊन ते पारनेरचे रस्ते झाडीत.

टाटा कंपनीच्या वीजधरणात मावळ्यांची भातखाचरे बुडणार होती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. बाँब जाणणारा हा माणूस निःशस्त्र मावळ्यांमध्ये उभा राहिला. पोलिसांनी धरपकड केली. बायाही तुरुंगात गेल्या. पुणेकरांनी आधी पाठिंबा दिला. पण सावकारांना जमिनीचा मोबदला हवा होता. जोर ओसरला. अखेर 1924 मध्ये बापटांनी कामावरची रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण झालेच. लोकांनी दिलेली 'सेनापती' ही पदवी तेवढी उरली.

पंचाहत्तरीला टेकलेले बापट 1955 साली गोवा सत्याग्रहात शिरले, तेव्हा पोर्तुगीज पोलिसांनी सत्याग्रहींना झोडपले. 28 नोव्हेंबर 1967 रोजी ते वारले.

आज माझे मित्र पोलीस भरतीसाठी पहाटे याच रस्त्यावर धावतात. तीही शेतकऱ्यांचीच मुले. उद्या त्यांच्या हाती लाठी येईल. समोर आपल्याच गावची माणसे बसली असतील, तर ते काय करतील? आणि आपण नुसते पाहत राहू का?